शमाताई आणि फाटकातली माणसं

शमाताई आमच्या मोटारकंपनीचा इतिहास सांगायच्या तो घरातल्या थोरल्यांविषयी बोलावं तसा. “आमचे म्हातारे आधी सायकली दुरुस्त करायचे, बरं का!” म्हातारे म्हणजे युरोपात ती महागडी कंपनी काढणारा माणूस. दुबईतल्या आमच्या शोरूमच्या मागे जुन्या गाड्यांचं दालन होतं. मी विक्री बघायचो, दालन त्यांच्याकडे.

तिथे युद्धकाळातला एक फोटो होता. कारखान्याच्या फाटकात उभी हडकुळी माणसं. शमाताई तिथे आवाज खाली आणत. “हे कैदी. पकडून आणून राबवलेले. आपली इंजिनं यांनी जोडली. किती घरी परतले, कुणी लिहून ठेवलं नाही.” गिऱ्हाईक गाडीवरचा हात काढून घ्यायचं.

नव्या मॅनेजरना ते खटकलं. “शमा मॅम, लोग यहाँ सपना लेने आते हैं. वो पार्ट खलास.”

“सर, आधा बोलूँ तो वो हिस्ट्री नहीं, ॲड है.”

“फिर ॲड ही बोलिए.”

शमाताईंच्या नवऱ्याची नोकरी गेलेली, मुलगी बारावीत. अल मनखूलमधलं सगळं घर ताईंच्या नोकरीच्या व्हिसावर. मुलगीही म्हणाली, “मम्मा, जस्ट स्किप इट ना!” मी म्हटलं, “ताई, कशाला अंगावर ओढवून घेता?”

“माझे बाबा मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पात राहून इथले टॉवर बांधत होते,” त्या म्हणाल्या. “एकाही पाटीवर त्यांचं नाव नाही. मी आणखी कुणाला गाळू?”

तरी आठवडाभर त्यांनी तो फोटो गाळला. भराभर पुढे जायच्या, पाणी प्यायच्या. मग एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं फोटोवर बोट ठेवून विचारलं, “हे कोण?” शमाताईंनी दाराकडे पाहिलं. मॅनेजर तिथेच उभे होते. आणि ताईंनी सगळं सांगितलं, सावकाश, एकही वाक्य न गाळता.

त्यांची दूर फुजैराच्या सुट्या भागांच्या गोदामात बदली झाली. व्हिसा टिकवायचा म्हणून त्यांनी ती घेतली. घरचे दुबईतच राहणार, भेट सुट्टीला.

निघताना बॅग टॅक्सीत ठेवत मी म्हणालो, “आठवडाभर जमलं होतं की, ताई. आणखी थोडं रेटलं असतं तर?”

“नाही रे जमलं,” त्या म्हणाल्या. “त्या आठवड्यात पोरगी जेवायला समोर बसायची, आणि मी ताटातून मान वर करत नव्हते.”