निकालीचा रकाना

वरच्या कोर्टात अपील विभागाचा मासिक तक्ता भरायचं काम बारा वर्षं माझ्याकडं होतं. किती अपिलं आली, किती निकाली निघाली, किती राहिली. आकडे वर पाठवले की काम संपायचं. माणसं मात्र डोक्यात साचत गेली.

*

घाटनांदूरच्या एका मावशींचं बांधाच्या वादाचं अपील होतं. मी म्हणालो, "मावशी, निकाली निघालं." त्यांनी पिशवीतून पेढे काढले. मग सांगावं लागलं, केस फेरसुनावणीला खालच्या कोर्टात परत गेलीय.

"मंग निकाल कशाचा लागला?"

"आमच्याकडून निकाली."

पेढे टेबलावर ठेवून त्या गेल्या. आम्ही ते खाल्ले, हे सांगायला आज लाज वाटते.

*

तलवाड्याचे एक मास्तर असेच खाली जाऊन पुन्हा अपिलात आले. मी त्यांना 'नवीन दाखल'मध्ये धरलं. "नंबर नवा हाय साहेब," ते म्हणाले, "मी तोच हाय."

तेव्हा ऑफिसभर हसलो होतो.

*

एका जानेवारीत निकालीचा आकडा कमी पडत होता. महिनाअखेरीला भीमराव नावाच्या एकांच्या अपिलाचा पुकारा झाला. ते नाहीत, वकीलही नाही. भीमराव बायकोसह ऊसतोडीला गेलेत हे मला ठाऊक होतं. जाताना मलाच सांगून गेलेले. मी गप्प राहिलो. गैरहजेरीमुळं अपील फेटाळून निकाली काढलं गेलं, आकडा पुरा झाला.

उन्हाळ्यात ते आले. "तुमाला सांगून गेलतो की."

"विसरलो," मी म्हणालो. विसरलो नव्हतो. अपील पुन्हा उघडायला दीड वर्ष गेलं. त्यासाठीचे सगळे अर्ज मी स्वतः लिहून दिले, पण खरं काय ते सांगितलं नाही.

*

एका कोतवालाला चोरीच्या आरोपात शिक्षा झाली होती. अपील चालू असतानाच ते वारले. घरच्यांनी मुदतीत अर्ज केला तर असं अपील पुढं चालवता येतं. त्यांच्या बायकोला ते कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

मुदत उलटल्यावर ती आली. "तक्त्यात यांचं नाव दाखवा."

"नाव नसतं ताई, आकडा असतो."

"मंग आकडा दाखवा."

त्या महिन्यात 'मयत' रकान्यात एकच होता. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"अन् ह्याच्या शेजारचा?"

"निर्दोष सुटलेल्यांचा."

बोट तिकडं सरकलं, परत आलं.

"लई जवळ व्हतं की," ती म्हणाली.