पट्टी खाली घेतलेलं गाणं

मी निघाले त्या दिवशी आई मला सोडायला आली नाही. चौलला लग्न होतं आणि तिनं शब्द दिलेला होता. आमच्या रेवदंड्याकडे आगरी घरांतल्या लग्नाला धवलारीण लागते. मांडव घातल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. माझी आई हेच करते. त्या सकाळी तिनं मला कुंकू लावलं, बॅगेत सुकटीची चटणी कोंबली आणि म्हणाली, "लगीन कुनासाठी थांबत न्हाय. तू जा. पोचलीस की फोन कर." मग तिला न्यायला आलेल्या रिक्षात बसून ती माझ्याआधीच निघून गेली.

मांडव्यापर्यंत बाबा आले, त्यांच्या टेम्पोतून. बाबांचा स्पीकर-मिक्सर भाड्यानं देण्याचा धंदा. हळदी, गणपती, साखरपुडे. मी त्या टेम्पोतच वाढले, वायर गुंडाळायला तिथंच शिकले. मुंबईत साउंडचा कोर्स केला आणि आता पुढचं शिकायला बर्मिंगहॅमला चालले होते. मुंबईच्या रो-रो बोटीचा दरवाजा खाली आला तेव्हा बाबा म्हणाले, "तिकडं कोनाच्या मशिनीला घाबरू नको. बटनं सगलीकडं सारखीच." एवढं बोलून ते टेम्पोकडे वळले. बोट सुटेपर्यंत टेम्पो मात्र तिथंच उभा होता.

तुमच्यातले जे असे बाहेर पडलेत, त्यांना पहिलं वर्ष सांगायला नको. हीटिंग परवडत नाही म्हणून स्वेटर घालून झोपणं, पाकिटातला गोठलेला मासा तळून बघणं आणि तो आपल्या पापलेटाचा दूरचाही नातेवाईक नाही हे कळणं. जे गावीच राहिलात त्यांना मी फोटो पाठवले ते सगळे बर्फाचे होते.

शिक्षण संपल्यावर एका छोट्या स्टुडिओत काम मिळालं. मालकाचं नाव ग्रॅहम. जुनी टेप स्वच्छ करणं, खरखर काढणं, आवाज समतोल करणं, ही माझी कामं. तिथंच मला डेलिया भेटली.

भेटली म्हणजे आधी फक्त तिचा आवाज भेटला. डेलिया इकडची एके काळची मोठी सोल-पॉप गायिका. तिच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह निघणार होता आणि टेपा माझ्याकडे आल्या. मी त्या वर्षांच्या क्रमानं ऐकायला घेतल्या. पहिल्या गाण्यात विशीतली पोर होती, चर्चमध्ये गाऊन तयार झालेली, गळा एकदम मोकळा. आईवडील जमैकाहून आलेले, वडील बस चालवायचे. पुढच्या टेपांत व्हायोलिनं वाढली, कोरस वाढला, ती स्वतः जरा मागे गेली. मग काही वर्षं काहीच नाही. कंपनीनं तिला सोडून दिलं होतं आणि ती एका शाळेत मुलांना गाणं शिकवत होती. त्यानंतरच्या टेपेत तिचा आवाज जाड झालेला, पण शब्द कसा टाकायचा हे तिला आता कळलेलं होतं. माणसाचं अख्खं आयुष्य असं एका आठवड्यात कानांतून जाताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला सारखं वाटायचं, मधल्या त्या गप्प वर्षांत ही घरी काय गुणगुणत असेल?

अडचण तिच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची होती. त्याच्या मूळ टेपेचा हक्क जुन्या कंपनीकडे आणि ती सोडेना. म्हणून ते गाणं डेलियानं पुन्हा गायचं ठरलं. त्या गाण्याशिवाय संग्रह निघणारच नव्हता.

ती आली ती एक ठेंगणी बाई, केस पांढरे, हातात चहाचा थर्मास. पहिलं कडवं छान गेलं. वरचा सूर आला आणि आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. ग्रॅहम तिला म्हणाला, "काळजी नको, कॉम्प्युटरवर वर उचलता येतो." तिनं होकाराची मान हलवली. मी तो सूर उचलला, घासून गुळगुळीत केला आणि तिला ऐकवला.

तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "छान आहे. कोण आहे ही मुलगी?"

मी तो सूर पुन्हा होता तसा केला. तीच पुढं म्हणाली, "दोन पट्ट्या खाली घेऊ या."

संग्रह काढणाऱ्या नव्या कंपनीचा माणूस फोनवर होता. त्याचं म्हणणं, लोक संग्रह घेतात तो जुना आवाज ऐकायला, पट्टी खाली गेली तर गाण्यातली जान जाईल. डेलियानं त्याला सांगितलं, "मग माझं नाव न घालता काढा." शेवटी ग्रॅहम म्हणाला, एकदा घेऊन तर बघू. ती खालच्या पट्टीत गायली. तिच्या तरुण आवाजात ते गाणं रुसलेल्या प्रेयसीचं वाटायचं, आता ते निरोपाचं वाटलं. शब्द तेच होते. कंपनीनं ते घेतलं, फक्त संग्रहात सगळ्यात शेवटी टाकलं.

निघताना तिनं मला विचारलं, "तुझ्या घरी कोण गातं?"

मी आईबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "मला ऐकव ना." मी फोन हातात घेतला आणि मग लक्षात आलं, माझ्याकडे काहीच नाही. घरभर स्पीकर, गोदामात माइकची पेटी, आणि आईचा आवाज आम्ही कोणी कधी टेप केला नव्हता. तिची गाजलेली गाणी कोणती, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. ते मला इतकं विचित्र वाटलं की पुढच्या सुट्टीला मी चांगला माइक घेऊनच गावी गेले.

आईला ओटीवर बसवलं, समोर स्टँड लावला. ती माइककडे बघत राहिली. "नवरा-नवरी कुठं हायत?" म्हणाली. "हलद कुनाला लावू, या दांडक्याला?" खूप समजावलं, पण एक ओळ म्हटली नाही. धवला विधीला म्हणायचा असतो, नुसता म्हणायचा नसतो, एवढंच तिचं उत्तर.

त्याच सुट्टीत काकांच्या दीपालीचं लग्न होतं. हळदीला बाबांचेच स्पीकर, पोरं नाचत होती. आई पाटाजवळ बसली आणि तिनं सुरुवात केली, तर तिचं तिलाच ऐकू येईना. हे दर लग्नात होत आलं होतं. त्या दिवशी बाबांनी माझ्या हातातला माइक पाहिला, काय वाटलं कोण जाणे, आणि मिक्सरवर नाचाच्या गाण्याचा आवाज खाली ओढला. पोरं ओरडली. बाबा म्हणाले, "तिचं होऊ दे, मंग नाचा."

आई गायला लागली. आवाज थकलेला होता, पण ओळ धरून होता. माझं लक्ष सवयीनं रेकॉर्डिंगच्या मीटरवर. चौथ्या-पाचव्या ओळीला तिला खोकला आला. थांबली, पाणी प्यायली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा खोकला. दीपाली हळदीचे हात तसेच धरून बसलेली. विधी अर्धा राहणं बरं नव्हे, म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गावात दुसरी धवलारीण उरलेली नाही.

आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं. "पुढचं तू म्हन."

"मला येत नाही गं."

"माज्या मांडीवर झोपून ऐकलंस ते कुठं गेलं? म्हन."

मी माइक काकूकडे दिला आणि म्हणायला लागले. माझी पट्टी आईपेक्षा बरीच खाली. पहिल्या दोन ओळी कशा आल्या मलाच कळलं नाही. तिसऱ्या ओळीत मी हळदीच्या जागी तेलाचा शब्द घातला. आई लगेच म्हणाली, "न्हाय, तेल मागनं." मी सुधारलं. पुढं पुन्हा चुकले, तिनं पुन्हा अडवलं. अशी अडखळत हळद लागली. दीपाली हसत होती आणि रडतही होती, आणि बायका आता माझ्या मागून ओळ उचलत होत्या.

परत आल्यावर ते रेकॉर्डिंग मी डेलियाला ऐकवलं. तिनं विचारलं, ही मधून मधून बोलते ती कोण? मी म्हटलं, आई, माझ्या चुका काढतेय. ती म्हणाली, "ते काढू नकोस हां." मी काढणार नव्हतेच.

आता मी दर रविवारी आईला फोन करते. माइकसमोर न गाणारी आई फोनवर गाते, कारण तिच्या हिशेबी ते गाणं नाही, शिकवणं आहे. इथं मी लहानसा फ्लॅट घेतलाय. स्टुडिओतले विचारतात, होम म्हणजे तुझ्यासाठी आता कुठलं, इथलं की तिकडचं? मी पूर्वी गोंधळायचे. परवा पातेल्यात भात शिजत होता, खिडकीबाहेर पाच वाजताच काळोख पडला होता आणि मी मांडवस्थापनेचा धवला फोनवर म्हणून दाखवत होते. एक ओळ घसरली. तिकडून आईचा आवाज आला, "न्हाय. पयल्यापासून घे."

मी गॅस बारीक केला आणि पहिल्यापासून घेतलं.