नकलेच्या खिडकीपुढचं बाकडं

दूध तापवायच्या पातेल्याला खरवड धरते. आज खरडून काढा, उद्या पुन्हा आहेच! नाशिकच्या कोर्टात जिथं जुन्या निकालांच्या नकला मिळतात, त्या खिडकीपुढच्या बाकड्यावर किस्से असेच साचतात. तिथं किस्से ऐकायला कोणी जात नाही. जो तो आपला हरवलेला कागद शोधायला आलेला असतो. पण साहेब जेवायला गेले, मॅडमचा कॉम्प्युटर रुसला, रेकॉर्ड रूमच्या माणसाला चावी सापडेना, की माणसं करणार काय? बोलणारच!

मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि नात सोनल लिहिते. मध्येच म्हणते, "आजी, हे नको ना लिहायला." मी म्हणते, "बाकड्यावर कोण बसलं होतं? तू का मी?"

तर बाकड्यावर आम्ही दोघी बहिणी. अक्का थोरली, मी धाकटी. आमचं माहेर त्र्यंबकच्या वाटेवर. दुष्काळात आमचे वडील गेले. पाठीमागे आई आणि आम्ही दोघी पोरी, भाऊ नाही. तेव्हा आईनं कोर्टात अर्ज करून वारस दाखला मिळवला. ह्या तिघी वारस, असा कोर्टाचा हुकूम! पण तो तलाठ्यापर्यंत नेला कोणी? आमची लग्नं झाली, आई गेली, घरातली प्रत वाळवीनं खाल्ली. वावर चुलता कसत होता. कसता कसता सातबाऱ्यावर त्याचंच नाव लागलं.

अक्काचं एकच म्हणणं. "ज्या वावरात मी गुडघाभर चिखलात भाताची आवणी केली, तिथं माझं नाव नको? मी जायच्या आत पायजे!"

*

पहिल्याच दिवशी खिडकीतल्या क्षीरसागर मॅडमनी विचारलं, "दावा नंबर काय?"

"माहीत नाय," अक्का म्हणाली.

"बरं, निकालाचं वर्ष?"

"आमची कपिला गाय विहिरीत पडली ते वर्ष."

मॅडमनी कीबोर्डवरचे हात काढले. "आजी, कॉम्प्युटरमध्ये गाय टाकायला जागा नाही हो!"

"मग कसला तुमचा कॉम्प्युटर? आख्ख्या गावाला ठाऊक हाय!"

मागची रांग हसायला लागली. मॅडम मात्र चिडल्या नाहीत. खुर्ची पुढं ओढून त्यांनी नीट विचारलं, "गाय दुष्काळात पडली, का नंतर?"

"नंतर. दुष्काळात तिला प्यायला सुद्धा पाणी नव्हतं, बुडंल कशात? दुष्काळ सरला, विहीर भरली, आणि पडली."

"म्हणजे बहात्तरचा दुष्काळ, त्याच्या पुढचं साल. त्र्याहत्तर!"

मॅडमनी साल लिहून घेतलं. अक्का माझ्याकडे वळून ऐटीत म्हणाली, "बघ भीमे, गाय टाकता आली का नाय?"

*

बाहेर झाडाखाली बोरसे अण्णा टाइपरायटर घेऊन बसतात. अर्ज टाइप करून देतात. अर्जात एक रकाना असतो, नक्कल कशासाठी हवी. अण्णांनी न विचारताच टाइप करून टाकलं, 'वैयक्तिक कामासाठी'. मग रीतीप्रमाणे वाचून दाखवलं.

अक्का म्हणाली, "हे मी कुठं बोलले?"

"मावशी, सगळे हेच लिहितात."

"सगळ्यांचा बाप मेला होता का दुष्काळात? खोडा ते! लिहा, 'बापाच्या वावरावर माझं नाव लावायचंय म्हणून.'"

अण्णांनी कपाळाला हात लावला. "अहो, रकान्यात बसणार नाही ते."

"मग रकाना मोठा करा."

अण्णांनी नवा कागद चढवला. त्या मशीनवर खोडाखोड चालत नाही, अख्खा अर्ज पुन्हा टाइप करावा लागला! मॅडमनी खिडकीत तो वाचला आणि शेजारच्या टेबलाला ओरडून सांगितलं, "इकडे या, कोणीतरी खरं कारण लिहिलंय!"

तेव्हापासून अण्णा आधी विचारतात, "कारण तुमचं का नेहमीचं?"

*

आता आमच्या दामूची गोष्ट. दामू म्हणजे त्याच चुलत्याचा मुलगा. चुलत्यामागं सातबारा ह्याच्या नावावर आला. ज्याच्या नावाशेजारी आमचं नाव लावायचं, तो हाच!

तो रोज टोमॅटो घेऊन मार्केटला येतो. एक दिवस सिंहस्थासाठी खणून ठेवलेल्या रस्त्यात आमची बस अडकली. आम्ही दोघी पिशव्या धरून कडेला उभ्या. मागून दामूचा टेम्पो आला. "आक्के, कुठं चालल्या?"

"कोर्टात."

"कशाला?"

"तुझ्या सातबाऱ्यावर माझं नाव लावायला."

दामूनं टेम्पोचं दार उघडलं. मग म्हणाला, "चढा."

कोर्टाच्या दारात त्यानं आम्हाला हात देऊन उतरवलं. बाकड्यावर पगारे तात्या होते. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, सासऱ्याच्या मृत्युपत्राचा निकाल शोधायला यायचे. त्यांनी विचारलं, "हा मुलगा का तुमचा? चांगला आहे हो!"

"मुलगा कुठला? हा आमचा विरोधी पक्ष!" अक्का म्हणाली.

तात्यांचा चहा नाकात गेला. दामू तिथंच उभा राहून म्हणाला, "तात्या, मी आडवा नाय येणार. पण कागद पायजे. तोंडी सांगितलं तर माझी पोरं ऐकायची नाय."

"रास्त बोलला," अक्का म्हणाली, आणि पिशवीतली भाकरी काढून अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

*

पगारे तात्यांची पण एक मजा सांगते. एकदा रेकॉर्ड रूममध्ये शोध चालू होता आणि लाइट गेली. आत सगळा अंधार. गांगुर्डे नावाचा रेकॉर्डवाला माणूस हात झाडत बाहेर आला. "आता लाइट आल्यावर."

अख्खं बाकडं तात्यांकडे वळून बघायला लागलं. जन्मभर वीज बनवलेला माणूस! तात्या कावरेबावरे झाले.

अक्का म्हणाली, "काय तात्या, तुमचीच ना वीज?"

तात्या उठून उभे राहिले. "मी रिटायर होईपर्यंत आमच्या दारातून बरोबर निघत होती! वाटेत कुठं जाते, ते मला विचारू नका!"

*

पुढच्या खेपेला गांगुर्डे म्हणाला, "त्या सालचे गठ्ठे स्कॅनिंगला गेलेत."

"कधी येतील?" मी विचारलं.

"सांगता येत नाही."

अक्का म्हणाली, "माझं पण झालं होतं स्कॅनिंग, पोटाचं. मला तर संध्याकाळी सोडलं! तुमच्या गठ्ठ्यांना ॲडमिट केलं का काय?"

*

गठ्ठे आले एकदाचे. पण त्र्याहत्तरच्या रजिस्टरात आईचं नाव काही सापडेना. सीताबाई नावाच्या निघाल्या, पण एक मालेगावची, एक सिन्नरची. आमची नाहीच. गांगुर्डेनं पुढचं रजिस्टर बघितलं, मागचं बघितलं. अक्का घरी जाताना बसमध्ये एक शब्द बोलली नाही. तिचं गप्प बसणं मला बघवत नाही. ती भांडते तेव्हा मी बिनघोर असते.

दुसऱ्या खेपेला मॅडमच खिडकी सोडून बाहेर आल्या, आमच्या शेजारी बाकड्यावर बसल्या. म्हणाल्या, "आजी, मला सासरी माधुरी म्हणतात. माहेरी मी अजून छबीच. तुमच्या आईला तिच्या माहेरचे काय म्हणायचे?"

"पारू," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"आणि कोर्टाची धावपळ कोणी केली होती?"

"मामानं. आईच्या भावानं."

मॅडम हसल्या. मग आमच्याही डोक्यात उजेड पडला. आमचे लोक लग्नात नवरीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नाव लिहितात. पण भाऊ कुठं ते नाव घेतो? मामानं जन्मात आईला सीताबाई म्हणून हाक मारली नव्हती. वकिलानं विचारलं असेल, बहिणीचं नाव काय? तर मामानं सांगितलं, पारू. सरळ माणूस!

गांगुर्डे आत गेला. आम्ही तिघी खिडकीला नाक लावून उभ्या. आतून त्याची आरोळी आली, "पारूबाई सापडल्या!"

*

लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा त्यानं मॅडमच्या टेबलावर आणून सोडला. धूळ अशी उडाली की मॅडम, गांगुर्डे आणि बाहेरचे तात्या पाठोपाठ शिंकले. मॅडमनी हलक्या हातानं पानं उलटली आणि एक पान आमच्याकडे फिरवलं. "हात लावू नका. नुसतं बघा."

पानाच्या खाली आईचा अंगठा होता.

केवढा तो अंगठा! पसरलेला, मधोमध विळ्याची चीर गेलेली. तेव्हा नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं, पदरात दोन पोरी, भावकी म्हणत होती, 'बाईमाणूस कोर्टात काय करणार?' आणि ही बाई त्र्यंबकच्या वाटेवरून इथवर येऊन अंगठा उठवून गेली होती. अर्ध्या मनानं लावलेला अंगठा पुसट उठतो. हा पाक खालच्या पानावर उतरला होता!

अक्का सगळ्या बाकड्याला बोलावून दाखवत होती. "बघा, माझी आई! बघा!" लोक आपले कागद सोडून रांगेनं बघून गेले. एका कोवळ्या वकिलानं तर नमस्कार केला.

मॅडमनी आमची नावं पण वाचून दाखवली. थोरली मुलगी ठकू. धाकटी भीमी, अज्ञान. कोर्टाच्या भाषेत लहान पोराला अज्ञान म्हणतात, असं मॅडम म्हणाल्या.

अक्का म्हणाली, "धाकटीचं बरोबर लिहिलंय."

*

आणि मग ते झालं.

नक्कल द्यायची सही वरच्या साहेबांची. मॅडमनी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. साहेब नवीन बदलून आलेले, कडक; त्यांचं टेबल आत खिडकीला लागूनच. अर्ज बघितला, अक्काचं आधार कार्ड बघितलं. "निकालात ठकू आहे. तुमचं नाव इंदूबाई. तुम्ही तर तिऱ्हाईत झालात."

"लग्नात नाव बदललं साहेब," अक्का म्हणाली. "ठकू म्हणजे मीच."

"पुरावा?"

"ही सख्खी बहीण हाय की माझी!"

"बहीण काय, काहीही सांगेल."

दामू त्या दिवशी रिकामा टेम्पो घेऊन आम्हाला न्यायला आला होता. तो पुढं झाला. "साहेब, मी सांगतो. हीच ठकू. मी ह्यांच्या विरुद्ध पक्षाचा माणूस, मी कशाला खोटं बोलू?"

बाकडं म्हणालं, "खरंय!" तात्या म्हणाले, "मी पण सही देतो." बोरसे अण्णा झाडाखालून उठून आले होते, ते म्हणाले, "लगेच प्रतिज्ञापत्र टाइप करतो."

साहेबांनी हात वर केला. "हे बघा, माझा कोणावर अविश्वास नाही. पण कोर्टात तोंडी काही चालत नाही. ठकू नावाचा त्या वेळचा एखादा लेखी पुरावा आणा. शाळेचा दाखला चालेल."

शाळेचा दाखला! आम्ही शाळेची नुसती भिंत बघितलेली, तीही सारवायला गेलो तेव्हा.

मी अक्काचा हात धरला, म्हणलं, "चल अक्का. उन्हं चढली."

उन्हाळा ऐन रंगात होता आणि अक्काच्या अंगात नेहमीसारखं मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं. आयुष्यभर तसंच घालते. लग्न होऊन गेली तेव्हा सासू म्हणाली होती, "ह्या घरात तू इंदू. जुनं नाव दिसलं नाय पायजे." तेव्हापासूनच्या त्या बाह्या. सासू जाऊन किती काळ लोटला, पण सवय सुटली नव्हती.

अक्कानं माझा हात सोडवला. बांगड्या वर सारल्या. बाहीचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत दुमडली. आम्ही लहान असताना त्र्यंबकच्या जत्रेत आईनं आम्हाला गोंदणारणीपुढे बसवलं होतं. मी पहिल्या सुईला बोंबलत पळाले, माझ्या हातावर नुसतं एक टिंब आहे. अक्का मात्र शेवटपर्यंत बसून राहिली होती.

तिनं हात खिडकीतून आत घातला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

सुरकुत्यांमध्ये हिरवी अक्षरं. ठकू.

"घ्या," अक्का म्हणाली. "लेखी."

साहेबांनी खिशातून चष्मा काढून लावला. अक्षरं वाचली. निकालाचं पान बघितलं, पुन्हा हात बघितला. मग अर्जावर सही केली, शिक्का मारला, आणि मॅडमकडे बघून तितक्याच कडक आवाजात म्हणाले, "पुराव्याची झेरॉक्स जोडून घ्या."

"काढा की," अक्का म्हणाली. "पण हात परत द्या. औंदा आवणीला लागंल!"