हिरवी फीत

चाकणच्या आमच्या कंपनीत माणूस कायम आहे की कंत्राटी, हे त्याच्या गळ्याकडे बघून कळायचं. ओळखपत्राची फीत पिवळी असली तर कंत्राटी, हिरवी असली तर कायम. कॅन्टीनमध्ये हिरव्या फितीवाले खिडकीकडच्या टेबलांवर बसायचे. तसा नियम कुणी केला नव्हता, पण आम्ही पिवळ्या फितीच्या बायका ताट घेऊन तिकडे कधी गेलो नाही.

चार वर्षं मी देवाजवळ ती हिरवी फीत मागितली. पिंपळे गुरवमध्ये एका दुकानावरच्या हॉलमध्ये आमची मंडळी जमते. रविवारी उपासनेला बसायचे, डोळे मिटायचे आणि समोर यायची फीत. गीत गाताना फीत, पाळकसाहेबांचा संदेश चालू असताना फीत. प्रार्थनेसाठी कुणाची विनंती आहे का असं विचारलं की आई माझ्याआधी उभी राहायची, "लेक कायम व्हावी म्हणून." सगळ्या मंडळीला माझी नोकरी पाठ झाली होती. तोंडात ख्रिस्ताचं नाव आणि मनात कंपनी, असा माझा भक्तिभाव. आज सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

प्रेस शॉपमध्ये मी लाइन लीडर होते. लीडर म्हणजे पगार बाकीच्यांइतकाच, बोलणी तेवढी जास्त. लहान प्रेसवर आम्ही बायका पत्र्याचे भाग काढायचो. प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत असेल तर प्रेस खाली येत नाही. तो सेन्सर बंद करायची चावी माझ्या खिशात असायची. सेन्सरवर तेल उडालं की मशीन उगाच थांबायचं, माल कमी पडायचा, मग मॅनेजर साहेब येऊन म्हणायचे, "मॅडम, बघा जरा." तोंडाने 'बंद करा' असं ते कधी म्हणाले नाहीत. मी बघायचे, म्हणजे चावी फिरवायचे. शिफ्ट संपायच्या आत पुन्हा चालू करून ठेवायचे. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांचीच डोळेझाक होती.

दोन नंबरच्या प्रेसवर बीडकडची एक पोरगी होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, नवऱ्याबरोबर चाकणलाच एका खोलीत राहायची. केस टोपीत गेलेच पाहिजेत असा कंपनीचा नियम. भोसरी, मोशी करत बस कंपनीत पोचेपर्यंत माझे केस पार विस्कटलेले असायचे. ती मला लॉकरपाशी बाकड्यावर बसवायची, दोन मिनिटांत घट्ट वेणी घालायची आणि टोपीत कोंबायची. "ताई, डोकं हाय का गवताचा भारा?" असं रोज म्हणायची. मला त्या दोन मिनिटांची सवय झाली होती.

एका मंगळवारी सकाळी साहेब 'बघा जरा' म्हणाले. मी तिच्या प्रेसची चावी फिरवली. अकराच्या सुमाराला तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. प्रेसचा आवाज नेहमीसारखाच आला होता, म्हणून मी लगेच वळलेसुद्धा नाही. ती ओरडली तेव्हा वळले.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. ऑपरेटरने माझ्या नकळत चावी घेऊन सेन्सर स्वतःच बंद केला, असं त्यात लिहिलं होतं. शेजारी माझ्या कायम होण्याची फाइल उघडी ठेवलेली. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं साहेब एका शब्दानेही बोलले नाहीत. हुशार माणूस.

"सही करून टाका, मॅडम. तिचं आपण बघू काहीतरी."

मी केली. खरं सांगितलं तर मीच अडकेन, एवढा एकच विचार डोक्यात होता. पुढच्या महिन्यात माझ्या गळ्यात हिरवी फीत आली. तिला निष्काळजीपणाचा ठपका ठेवून कामावरून काढल्याचं पत्र गेलं. साहेबांनी तिचं बघितलं ते असं.

आमच्यात प्रार्थना ऐकली गेली की उपासनेत उभं राहून आभार मानायचे असतात. आईने सगळ्यांना पुरेल एवढा पुलाव केला होता, केक आणला होता. मी उभी राहिले. "प्रभूने माझी विनंती ऐकली," असं तोंड वर करून म्हणाले. टाळ्या वाजल्या. दोन मावश्यांनी डोळे पुसले.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीने भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी. ताट फिरवण्याआधी पाळकसाहेब थांबतात आणि सांगतात, स्वतःला पारखून बघा. इतकी वर्षं मी त्या थांबण्यात दाराजवळच्या चपला बघत बसायचे. त्या दिवशी ताट माझ्यापुढे आलं. भाकरीचे तुकडे बोटांच्या पेरांएवढे होते, आणि मला पेरंच दिसली. मी तुकडा घेतला नाही, ताट पुढे सरकवलं. आईने ते पाहिलं.

दुपारी घरी येऊन खोलीचं दार लावून बसले. मागायला काहीच नव्हतं, तेव्हा कळलं की आजवर मी देवाजवळ सगळं मागितलं, फक्त देव मागितला नाही. तो मला आता हवा होता, आणि गळ्यात ती फीत ठेवून मागायची हिंमत होत नव्हती. मी खूप रडले. भीती काही गेली नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली की नोकरीवाचून मी कशीबशी जगेन, त्याच्यावाचून नाही.

सोमवारी वहीच्या पानावर माझ्या हाताने लिहिलं, चावी मी फिरवली, रोज फिरवत होते, साहेबांना माहीत होतं. एक प्रत साहेबांना दिली, एक कामगार कार्यालयात. केबिनच्या पायऱ्या मी कठडा धरून चढले. त्या दिवशीची ताकद माझी नव्हती, एवढं मी शपथेवर सांगेन. मी जन्माची भित्री बाई आहे.

आठवड्याच्या आत मला काढलं. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा उभी राहिले आणि सगळं सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. काही महिन्यांनी त्या पोरीवरचा ठपका निघाला असं कळलं. बोटं गेली ती गेलीच.

त्याआधीच मी चाकणला तिच्या खोलीवर गेले होते. कारण तिला तोंड दाखवल्याशिवाय प्रभुभोजनाच्या ताटाला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. ती दारात बसून लसूण सोलत होती, डाव्या हाताने. उजवा हात पदराखाली होता.

"कशाला आलीस?"

मी सांगितलं. चावी मी फिरवली, खोट्या कागदावर सही मी केली, सगळं. ती लसूण सोलत राहिली.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "तू चावी फिरवताना म्या बघितलं व्हतं. तू येशील म्हणून लई दिवस वाट बघितली."

लसूण सोलून झाला. मग ती आत गेली, कंगवा घेऊन आली आणि माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसली. केसांचा गुंता झाला होता.

"माफ केलं असं समजू नको. मला एका हातानं जमंना, अन् ह्यांना येत न्हाई."

मी गुंता सोडवला, वेणी घातली. तिने डावा हात मागे नेऊन चाचपून पाहिली.

"सैल झालीय," ती म्हणाली. "सोड. परत घाल."

मी सोडली आणि परत घालायला घेतली.