नागझिऱ्याच्या सागवानातली धावपट्टी

वाचकांच्या विचित्र अनुभवांच्या या सदरात मी आजवर फक्त शंका काढायला येत आले. कुणाला काही दिसलं, की झोप नीट झाली नसेल, असं लिहून मोकळी. आज माझ्यावर हसलात तरी चालेल...

मी तिरोडा तालुक्यातली, धानशेती करणाऱ्या पोवार घरातली. एका विमान कंपनीने गोंदियाजवळ स्वतःची पायलट अकादमी काढली आणि पहिल्याच बॅचमध्ये मला प्रवेश मिळाला. आई म्हणाली, "विमानच कायले पायजे वं? बँकेची परीक्षा दे ना!"

दिवाळीनंतरची स्वच्छ सकाळ होती. सरावाचं उड्डाण, विमान मी चालवत होते, शेजारच्या सीटवर माझे इन्स्ट्रक्टर, कॅप्टन राठी. नागझिऱ्याच्या जंगलाजवळ आलो आणि मला खाली धावपट्टी दिसली. सागाच्या मधोमध, नवीकोरी डांबरी, मधली पांढरी रेघसुद्धा स्पष्ट. नकाशात तिथे काहीच नव्हतं.

"सर, ही कुठली पट्टी?"

सरांनी खाली पाहिलंच नाही! एरवी हाच माणूस "इंजिन बंद पडलं तर कुठे उतरशील?" म्हणत मला सतत खाली बघायला लावायचा. त्यांनी कंट्रोल्स स्वतःकडे घेतले, विमान वळवलं. कपाळावर घाम.

"वापस चलते हैं. और किसी से कुछ मत कहना."

माझ्या मनात पाल चुकचुकली. यांना काय माहीत आहे? की ही माझीच परीक्षा? भास होतात असं कळलं तर मेडिकलमध्ये नापास, म्हणजे घरी. म्हणून गप्प बसले, पण त्यांच्यावर नजर ठेवली. त्या बाजूची फ्लाइट आली की ते दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचे.

माझा मामेभाऊ नागझिऱ्यात गाइड आहे. त्याला फोन केला.

"पागल झाली का वं? तिथं सागच साग हाये. सफारीची जिप्सी जाऊन नाही राहिली, विमान कायचं उतरते!"

पुढे दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर तिथूनच गेले. खाली नुसतं जंगल.

राठी सर अकादमी सोडून निघाले, त्या दुपारी मी त्यांना कँटीनमध्ये गाठलंच. "सर, खरं सांगा. तुम्हाला पट्टी माहीत होती ना?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पट्टी मैंने देखी ही नहीं, बेटा. मुझे रेडिओ पर आवाज आई. हमारे जहाज का नंबर लेकर... उतरने की इजाज़त."

"आपल्या विमानतळाचा टॉवर असेल."

"उसी दिन पूछा था. टॉवर ने कुछ कहा ही नहीं." त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "तू बोली तब तक मेरा हाथ उतरने के लिए थ्रॉटल पीछे खींच रहा था... अपने आप."

दोघांचे हेडसेट एकाच रेडिओला जोडलेले. मला आवाज आला नाही, त्यांना पट्टी दिसली नाही. मी तोंड उघडलं नसतं, तर त्या सकाळी आम्ही उतरलो असतो — पण कशावर, ते मला आजही सांगता येत नाही.