गल्लीत ताणा, हातात छत्री

मी नागपूरला बोली शिकायला निघालो आहे हे ऐकून सौ.ने विचारले, "का? आहे ती मराठी संपली का?"

सत्तर-बहात्तर सालातली गोष्ट. ऑफिसच्या नाट्यमंडळात अकरा वर्षे काढून माझ्या वाट्याला दोन हवालदार, एक न्हावी आणि एक प्रेत एवढेच आले होते. त्यातल्या प्रेताची तेवढी तारीफ झाली. त्या वर्षी पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली, नागपूरच्या विणकराची. पण पहिल्याच तालमीत आमचे दिग्दर्शक देशपांडे कानांवर हात ठेवून म्हणाले, "हा विणकर सदाशिव पेठेतला आहे. आठवडाभर तिकडे राहून या. परत आल्यावर ऐकतो. नाही जमले तर भूमिका साठ्यांना." साठे म्हणजे आमचे टंकलेखक. ते माझ्याकडे बघून इतक्या सहानुभूतीने हसले की मी तिथल्या तिथे रजेचा अर्ज लिहिला.

कोरी वही, दोन पेन्सिली आणि छत्री घेऊन मी नागपूरला उतरलो. हिवाळ्यात छत्री कशाला, असे तिथे पुष्कळांनी विचारले. पुण्याच्या माणसाला त्याचे उत्तर देता येत नाही. फलाटावर संत्र्यांच्या करंड्यांचा वास भरून राहिला होता. बाहेर सायकलरिक्षावाल्याला मी मुद्दाम मराठीत विचारले, "इतवारीकडे येता का?"

"बैठो ना भैया," तो म्हणाला.

"तुम्ही इथलेच का?"

"और क्या! यहीं के हैं."

वही कोरीच राहिली. परक्या माणसाशी हिंदीत बोलायचे, ही इथली रीत. पोह्यांच्या गाडीवरही तेच. "तर्री कम या ज्यादा?" (तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक, झणझणीत रस्सा.) पुण्याची अब्रू राखायला मी "ज्यादा" म्हटले. दोन घासांनंतर मला कुठलीच भाषा बोलता येईना.

ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने रामाजी विणकरांच्या घरी माझी सोय झाली होती. इतवारीच्या पलीकडे अरुंद गल्लीत त्यांचे घर, घरात दोन हातमाग. मी पुण्याहून भाषेच्या कामासाठी येतोय हे त्यांना आधीच कळले होते, आणि तिथेच घात झाला. रामाजी हात जोडून म्हणाले, "यावे. आपणांस प्रवासात काही कष्ट तर झाले नाहीत ना?" त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी विचारले, "आपण चहा प्राशन करणार काय?" मी गार पडलो. अडीचशे कोस येऊन पाचवीचे पाठ्यपुस्तकच ऐकायचे होते तर घरी काय वाईट होते!

तीन दिवस हेच. आत चुलीपाशी दोघांचे खरे बोलणे रंगायचे. मी वही घेऊन पुढे सरकलो की बंद. शेवटी मी रामाजींना म्हटले, "तुम्ही आपले नेहमीसारखे बोला ना."

ते ओशाळले. "आपल्यासमोर कसे बोलणार? या बोलण्यापायी शाळेत गुरुजींचा मार खाल्ला आहे."

मला फार वाईट वाटले. वही कोरी राहिल्याचे त्याहून जास्त वाटले, हेही कबूल करतो.

चौथ्या दिवशी सकाळी टपालपेटीकडे निघालो, तर गल्लीभर ताणा (लुगड्याचे उभे धागे) लावलेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंच्या घोड्यांवर शेकडो धागे ताणलेले, आणि यशोदाबाई मोठ्या कुंच्याने त्यांना खळ लावताहेत. ताणा बाहेर असला की कोणी तो ओलांडायचा नाही, खालूनही जायचे नाही; सायकलवालासुद्धा उतरून मागच्या गल्लीने फेरा घेतो. हे मला नंतर कळले. मी नम्रपणे वाकून खालून निघालो. काखेतल्या छत्रीची मूठ धाग्यांत अडकली. मी ओढली. घोडा कलंडला, आणि पटापट धागे तुटले.

"काहून गा! डोये फुटले का तुये?" यशोदाबाई कुंचा उगारून आल्या. "अख्खी गल्ली फेरा घेऊन जाऊन राहिली, तूच एक लाटसाहेब का? उन्ह चढून राहिलं. खळ वाळली का धागा तुटते, समजते का तुले?"

"अवं, पाव्हणे आहेत ना वं ते!" रामाजी कळवळले.

"पाव्हणा असन तं घरी! ताण्यात काहून घुसला?"

सवयीने माझा हात वहीकडे गेला.

"अन् आता लिहून काय राहिला? धर धागा!"

दुपारपर्यंत मी धाग्यांची टोके धरून उभा होतो. यशोदाबाई गाठी मारत होत्या आणि बोलत होत्या. आधी माझा उद्धार झाला, मग सगळ्या पुण्याचा, मग कुहीच्या त्यांच्या माहेरचे, भावजयांचे, धानाचे सगळे निघाले. मध्येच ओरडल्या, "ओढू नोको, ढिल्ला सोड!"

"सोडूनच राहिलो ना वं बाई!" माझ्या तोंडून निघून गेले.

मग यशोदाबाई हसता हसता खालीच बसल्या. त्या दुपारी पानावर "जेव ना गा भाऊ" झाले, आणि पुढे कोणी मला 'आपण' म्हटले नाही. इतका आनंद मला प्रेताच्या तारिफेनेही झाला नव्हता.

परतल्यावर तालमीत मी तोंड उघडले. देशपांडे पूर्ण प्रवेश ऐकून घेऊन एवढेच म्हणाले, "साठे, तुमचा टाइपरायटर वाट बघतोय." वही मात्र आजही कोरीच आहे. बोली शिकवणीने येत नाही. कोणीतरी घरचा समजून रागवावे लागते.

प्रयोग झाल्यावर मी रामाजींना पत्र लिहिले. उत्तराचे कार्ड वळणदार अक्षरात आले: 'आपले कृपापत्र पावले. परमसंतोष जाहला. आम्ही सर्व कुशल आहोत.' वाचून मन खट्टू झाले. पुन्हा मी पाहुणाच!

मग सहीखाली, कार्डाच्या अगदी कडेला दाटून लिहिलेली ओळ दिसली: 'ही म्हणून राहिली, लिहा म्हणे: ये गा भाऊ एकदा. छत्री नोको आणू.'