कॉलेजाचं वावर

माझी दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, भाड्यानं चालते. गावातून अनसिंगच्या ठेसनावर माणसं न्यायची आणि तिथली गावात आणायची, हे माझं काम. गाडीत बसलेली माणसं काही ना काही विसरून जातातच. कोणाची छत्री राहते, कोणाची पानाची डबी. ती न्यायला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो. पण जाताना गाडीत जे बोलणं सांडून जातं, ते न्यायला कोणी येत नाही. ते माझ्याकडं साचत गेलं. धुरेवर बसलेल्या माणसाची मागच्यांना फक्त पाठ दिसते. पाठीलाही कान असतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मी तसाही कमी बोलतो. सातवीतून शाळा सुटली, तेव्हापासून माझं जास्त बोलणं बैलांशीच. आणि त्या साचलेल्या बोलण्यातलं बहुतेक बोलणं एकाच गोष्टीचं आहे. मेडिकल कॉलेजाचं.

०

सुरुवात गाडीतच झाली. आमच्या शाळेचे गुरुजी अकोल्याहून आले होते. सोबत गावच्या दवाखान्याचे डॉक्टर होते आणि बाजारातून परतणारे किसनाजी. गुरुजींनी पेपर उघडून मोठ्यानं वाचलं की विद्यापीठाचं नवं सरकारी मेडिकल कॉलेज वऱ्हाडात काढायचं सरकारच्या मनात आहे. जागा कुठली, ते अजून ठरलेलं नाही.

डॉक्टर हसले. म्हणाले, "गुरुजी, कॉलेज मोठ्या शहरात जाते. जागा लागते त्याले."

किसनाजींनी विडीच्या टोकानं रस्त्याच्या कडेचं वावर दाखवलं. "हे घ्या."

"काय घ्या?"

"वावर. हे माहंच हाय. लिहा पेपरात."

डॉक्टरांना वाटलं, गंमत चालली आहे. पण गुरुजी गप्प झाले आणि मीही बैलांचा कासरा ओढला. किसनाजींची बायको पहिल्या बाळंतपणात अकोल्याच्या रस्त्यावर गाडीतच गेली होती. ती गाडी माझ्या बापाची होती. त्यानंतर किसनाजींनी पुन्हा घर मांडलं नाही.

तर असं गाडी उभी असतानाच जमीन मिळाली आणि समितीही झाली. गुरुजी चिटणीस, डॉक्टर सल्लागार, किसनाजी जमीनवाले. मी कोणी नव्हतो, पण समिती जाणार कशानं? माझ्याच गाडीनं.

०

गुरुजींना कॉलेज हवं होतं, त्याचं कारण घरातच होतं. त्यांची शांता. अकोल्याला मामाकडं राहून ती इंटर सायन्स झाली, तीही चांगल्या मार्कांनी. तिला डॉक्टर व्हायचं होतं. मामाची बदली दूर झाली आणि तिला परत यावं लागलं. आता पुढं जायचं तर नागपूरच्या होस्टेलात राहायचं. गुरुजींचे थोरले भाऊ म्हणाले, "पोरगी एकटी नागपूरले? आधी मले मसणात पोचवा अन् मंग तिले धाडा."

भावाचं मन मोडणं गुरुजींना जमलं नाही. त्यांनी शांताला सांगितलं, "कॉलेज इथं आलं, की पहिलं नाव तुझं."

चौथीपर्यंत शांता आणि मी एका वर्गात होतो. ती पुढच्या पट्टीवर बसायची, मी दाराशी.

०

वावरावर चुन्याच्या रेघा मारल्या. हा दवाखाना, हे वर्ग, ही पोरांची राहायची जागा. किसनाजींनी त्या साली ते वावर पेरलं नाही. म्हणाले, "उद्या सरकार आलं अन् पीक उभं असलं, तं त्याइले पीक तुडवाव लागन. बरं दिसते का?"

पडीक वावरात गवत झकास आलं. गावची ढोरं तिकडंच वळू लागली. लोक त्या वावराला कॉलेजच म्हणायला लागले. एक दिवस पाटलाची म्हैस सापडेना. पाटील ओरडत माझ्या दारात आला. म्हटलं, "आत्ताच पाह्यली. कॉलेजात गेली."

माझ्या तोंडून सहज गेलं. पण विहिरीवर पाणी भरणारी शांता घागर टेकवून हसली. म्हणाली, "नशीब पाहा म्हशीचं. ना मॅट्रिक, ना इंटर."

०

नागपूरला, तेव्हा राजधानी तिथंच होती, पहिलं शिष्टमंडळ गेलं. काय झालं ते परतीच्या वाटेवर गाडीत ऐकलं.

किसनाजींनी सोबत आपल्या वावरातलं ढेकूळ नेलं होतं, धुतलेल्या फडक्यात बांधून. साहेबाच्या खोलीत गेल्यावर गुरुजी मागणी सांगत होते, तेवढ्यात किसनाजींनी ते टेबलावर ठेवलं आणि बोटानं फोडून दाखवलं.

"पाहा साहेब. लोण्यासारकी हाय. काळी कुळकुळीत. अख्ख्या शिवारात अशी माती नाई."

साहेब म्हणाले, "अहो, काळ्या मातीत इमारत उभी राहत नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. भिंतींना तडे जातात. कॉलेजला मुरमाड जमीन लागते."

किसनाजींचं तोंड उतरलं. गाडीत डॉक्टर त्यांच्यावर चिडले. "तुमची टेकडीखालची मुरमाड जमीन पडीक हाय नं? ते काहून नाई देल्ली?"

"डागदर, तुमी भी काय बोलता? जिथं माणसं जगवायची हायेत, तिथं खराब वावर कसं द्याव?"

शेवटी साहेब लोकांनी 'पाया खोल घ्यावा लागेल' एवढंच सुनावून प्रकरण पुढं पाठवलं. तेवढ्यावरही गावात साखर वाटली गेली.

०

गुरुजींना एक सवय होती. कुठलीही गोष्ट सांगायची तर पहिल्यापासून. नागपूरहून घरी आले, की आधी पाय धुणार, पाणी पिणार, मग गाडी किती उशिरा सुटली इथून सुरू करणार. डब्यात कोण भेटलं, त्याचं गाव कोणतं, त्याच्या जावयाची नोकरी. कॉलेजाचं येईपर्यंत चुलीवरचं दूध उतू जायचं. मधेच विचारलं तर म्हणायचे, "शांते, क्रमानं ऐकावं."

म्हणून एकदा समितीला ठेसनावर न्यायला मी गाडी जुंपत होतो, तेव्हा शांता गोठ्यापाशी आली.

"सुखदेव, बाबाचं ऐकता ऐकता माहा जीव जाते. तुह्या बैलाइच्या घुंगरमाळा हायेत नं?"

"हायेत."

"मंजूर झालं, तं ठेसनापासून बांधून येजो. मले घरात ऐकू येईन. नाई झालं, तं तशाच ठेवजो."

"अन् अर्धं झालं तं?"

"अर्धं मंजूर होत नसते. अर्धी डॉक्टर कोणी पाह्यली?"

तेव्हापासून मी घुंगरमाळा गाडीत कडब्याखाली ठेवू लागलो. कितीदा गेलो आणि आलो. परतताना ठेसन सुटलं, की मी आपोआप मागं वळून गुरुजींचं तोंड पाहायचो. ते बाहेर शेतांकडं बघत असायचे. मग मी बैलांना हळू चालवायचो. तिला थोडा वेळ अजून वाट पाहता यावी म्हणून.

०

मग तपासणी ठरली. विद्यापीठाकडून एक मोठे डॉक्टर येणार. कॉलेज काढायचं तर जवळ दवाखाना हवा आणि त्यात रोगी हवेत, असा काहीसा नियम होता. आमच्या दवाखान्यात चार बाजा, आणि दिवस सुगीचे. सुगीत आजारी पडायला आमच्याकडं कोणाला फुरसत नसते. एक तापाची म्हातारी सोडली, तर दवाखाना रिकामा.

डॉक्टर डोक्याला हात लावून बसले. किसनाजी म्हणाले, "रोगीच पाह्यजे नं? आणतो."

सकाळपासून मी गाडीनं बाजा वाहिल्या. बाजा घरोघरच्या, रोगीही घरोघरचे. किसनाजी स्वतः पहिल्या बाजेवर, घोंगडी पांघरून. त्यांना निमोनिया दिला होता. बाकीच्यांना डॉक्टरांनी एकेक दुखणं वाटून दिलं आणि बजावलं, "फक्त पडून राहा अन् कण्हा. दुसरं काही नोका करू."

कण्हण्याची तालीम इतकी चांगली झाली, की बाहेर माझे बैल बुजले.

मोठे डॉक्टर दारात आले. साठीचे, हातात टोपी. त्यांनी आत पाऊल ठेवलं आणि किसनाजी घोंगडी फेकून उठले. हात जोडले. "या साहेब, बसा." दुपट्ट्यानं बाज झटकली. त्यांचं पाहून दुसरा उठला, तिसरा उठला. बघता बघता सगळा दवाखाना हात जोडून उभा. पोटदुखीवाला तर चहा सांगायला पळतच बाहेर गेला.

मोठे डॉक्टर आमच्या डॉक्टरांकडं वळून म्हणाले, "तुमच्या हाताला फार गुण दिसतो."

कोपऱ्यात ती तापाची म्हातारीही उभी होती, भिंत धरून. तिच्यापाशी ते थांबले. कपाळाला हात लावला आणि चेहरा बदलला. त्यांनी स्वतः तिला आडवी केली. डॉक्टरांच्या मदतीला आलेली शांता थर्मामीटर घेऊन उभीच होती. तिनं ताप पाहून सांगितला. त्यांनी विचारलं, "नर्स आहेस का?"

"नाई. इंटर सायन्स झाली."

"मग आता काय करतेस?"

"तुमची वाट पाहून राह्यली," शांता म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनी चहा मात्र दोन कप घेतला.

त्यांना ठेसनावर सोडून परतताना गाडीत आमचे डॉक्टर किसनाजींवर तुटून पडले. किसनाजी शांतपणे म्हणाले, "पाव्हणा दारात आल्यावर आडवं राह्याचं? मेलेल्यानं भी उठाव लागते, डागदर."

०

पुढं राज्य बदललं. राजधानी मुंबई झाली. समिती नागपूरला गेली, तर सांगितलं की कागद मुंबईला गेले. मुंबईला गेली, तर नागपूरहून काही आलंच नाही म्हणाले. मग कळलं की कॉलेजाला मंजुरी आहे, पण अर्धीच; बजेटात पैसा धरलेला नाही. किसनाजी म्हणाले, "म्हंजे गाय देल्ली, अन् दावं सरकारच्याच हातात."

ठेसनावरून परतताना ते मला म्हणाले, "सुखदेव, ते कागद रेल्वेनं कायले धाडले? तुह्या दमणीत टाकले अस्ते, तं आतापर्यंत पोचले अस्ते."

पहिल्यांदाच समितीत माझं नाव निघालं. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मी आधीच पुष्कळ पुढचं ठरवून ठेवलं होतं. कॉलेज झालं की शांताला रोज गावातून वावरापर्यंत जावं लागेल. उन्हात पायी कशी जाईल? गाडी लागेल. पुढं डॉक्टर झाली तरी खेड्यापाड्यांतले रोगी पाहायला गाडी लागेलच. गाडीत अंथरायला नवी सतरंजी मी वाशीमच्या बाजारात पाहूनही ठेवली होती. निळ्या पट्ट्यांची. घेतली नव्हती. पुरी मंजुरी आल्यावर घेणार होतो.

०

दर वर्षी मृग जवळ आला, की किसनाजी गुरुजींच्या ओट्यावर येत. "गुरुजी, यंदा पेरू का नोको?"

गुरुजी म्हणत, "यंदा थांबा. बजेटात येणार आहे."

किसनाजी थांबत. शांताला स्थळं येत. गुरुजी त्यांनाही म्हणत, "यंदा थांबा."

मग एका उन्हाळ्यात गुरुजी एकटेच मुंबईहून आले. गाडीत बसले, ठेसन मागं पडलं. ज्या माणसाला पहिल्यापासून सांगायची सवय, त्यानं त्या दिवशी शेवटच सांगितला. "सुखदेव, ते दुसरीकडं दिलं."

मी बैल हळू चालवले. पण अनसिंगपासून गाव असं किती लांब असणार? शांता ओट्यावर उभी होती. घुंगरं वाजली नाहीत, हे तिला गाडी दिसायच्या आधीच कळलं असणार. आम्ही पोचलो तेव्हा तिनं वडिलांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "बाबा, पाय धुवा. मंग क्रमानं सांगा."

मृगाला किसनाजी ओट्यावर आले. या खेपेला त्यांनी विचारलं नाही. गुरुजी आपणहून म्हणाले, "पेरा."

चार सालं पडीक राहिलेलं ते वावर. जवारी अशी आली, की गाडीच्या छपरावरून हात वर केला तरी कणीस लागेना. किसनाजी बांधावर उभं राहून पाहायचे. कोणी वाखाणली की म्हणायचे, "येणारच. काळी हाय नं. इमारतीच्या कामाची नाई."

०

शांताचं लग्न ठरलं ते केनवडच्या पुढं. मुलगा मास्तर होता. माणूस चांगला होता. दिवाळीनंतर लग्न झालं आणि नवरा-नवरीला ठेसनावर पोचवायला माझीच दमणी सांगितली. मी निळ्या पट्ट्यांची सतरंजी विकत आणली आणि अंथरली.

बैलांच्या शिंगांना रंग दिला, अंगावर झुली घातल्या. घुंगरमाळा तेवढ्या बांधल्या नाहीत. गुरुजींचे थोरले भाऊ रागावले. "नवरीची गाडी अन् घुंगरं नाई? मुकी गाडी कायले जुंपली बे?"

मी म्हटलं, "तुटल्या." त्या कडब्याखालीच होत्या.

सगळे रडले. किसनाजीही आले होते. त्यांनी शांताच्या ओटीत त्याच वावरातली जवारीची चार कणसं घातली. गुरुजी ओट्यावरून खाली उतरलेच नाहीत. गाडी निघाली.

वावर आलं. जवारी कापणीला आलेली, दोन्ही अंगांनी सळसळत होती.

"सुखदेव, थांब," शांता म्हणाली.

मी कासरा ओढला.

"घुंगरं हायेत नं?"

मी मान हलवली.

"बांध."

मी खाली उतरलो. कडब्याखालून माळा काढल्या आणि एकेक करून दोन्ही बैलांच्या गळ्यात बांधल्या. त्या साऱ्या सालांत बैलांनी त्या घातल्याच नव्हत्या. ते माना हलवू लागले आणि आवाज जवारीवरून थेट गावाकडं गेला.

नवरदेव बिचारे बाहेर डोकावले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. म्हणाले, "गाव तं मागं राह्यलं. इथं काहून बांधून राह्यले?"

शांतानं पदर सावरला.

"इथं कॉलेज हाय," ती म्हणाली.